हरल्याची लाट

"दुसऱ्याची टोपी मी डोक्यावर घेणार नाही," मोकुश म्हणाला आणि त्याने डोक्यावरचा आपला पांढरा नमद्याचा कल्पाक दोन्ही हातांनी असा घट्ट धरला, की जणू त्या बंद खोलीत वादळच सुटलं होतं.

"आजोबा, टोपी नाहीये हो ती," नुरिला म्हणाली. सकाळपासून हे ती कितव्यांदा सांगत होती कोण जाणे. "जाळी आहे. डोक्यावर बसवली की मेंदूतल्या लाटा आम्हाला पडद्यावर दिसतात."

"डोक्यावर बसते ना? हनुवटीखाली पट्टा आहे ना? मग टोपीच झाली. काल कुणी घातली होती?"

"एक मास्तर आले होते, तोकमोकहून."

"जिंकला का हरला?"

"त्याला तसं महत्त्व नसतं, आजोबा. म्हणजे असतं, पण तुम्ही म्हणता तसं नाही."

"हरला!" मोकुश बायकोकडे वळला. "ऐकलंस ना? हरलेल्या मास्तराची टोपी. अशी टोपी घातली की त्याचं नशीब आपल्या टाळूला चिकटतं, एवढं साधं ह्या पोरीला विद्यापीठात शिकवलं नाही."

"तुमच्या टाळूला आणखी काय चिकटायचं राहिलंय?" उमसुनाय भिंतीकडेच्या खुर्चीवरून म्हणाली. "तुमचं स्वतःचं नशीबच पुरून उरलंय साऱ्या गावाला. घाला गुपचूप."

गुपचूप हा शब्द मोकुशच्या बाबतीत आजवर कुणाला लागू पडलेला नव्हता. त्याच्या हसण्याबद्दल आमच्या केमिनच्या खोऱ्यात पुष्कळ बोललं जातं. तो चू नदीच्या अलीकडे हसला, की पलीकडची कझाकांची कुत्री भुंकायला लागतात. एकदा तो एका मयताच्या घरी हसला, तेव्हा मेलेल्या माणसाने डोळा किलकिला करून "काय झालं?" असं विचारलं होतं म्हणतात. हे खोटं असेल. पण त्या माणसाच्या विधवेने ते कधी खोडून काढलेलं नाही.

आणि चुको! मेंढीच्या घोट्याची ती हाडं मोकुशच्या बोटांतून सुटली, की हवेतच एकमेकांना विचारायची, आज कोणत्या कुशीवर पडायचं? निदान तो स्वतः तसं सांगायचा. प्रत्यक्षात ती हाडं त्याला न विचारताच पडायची, आणि बहुतेकदा चुकीच्या कुशीवर.

अशाच एका लग्नात, उमसुनाय नवी नवरी होती त्या वर्षी, तो तिच्या माहेरची घोडी हरला. मधाच्या रंगाची दुभती घोडी होती. तिचं शिंगरू अंगणात खुंट्याला बांधलेलं होतं. मोकुश चालत घरी आला. खोगीर खांद्यावर, आणि दरीच्या तोंडापासूनच त्याचं हसणं ऐकू येत होतं. "घोडी गेली गं," तो दारातून ओरडला, "पण खोगीर वाचवलं बघ!" सगळं गाव हसलं. सासूसुद्धा हसली. शिंगरू मात्र घसा बसेपर्यंत खिंकाळत राहिलं, आणि मोकुश त्या आवाजात लहान मुलासारखा झोपला.

पुढे घोड्या आल्या, गेल्या. गाय गेली, पोपलारची तोडायला आलेली झाडं गेली, एकदा नुसतं लोखंडी चुलाण गेलं. उमसुनाय शाळेच्या खानावळीत स्वयंपाकाला लागली आणि घर चाललं. गेलेल्या वस्तूंचं तिला आता काही वाटत नव्हतं. वाटत होतं ते एकाच गोष्टीचं. त्या हसण्याच्या खाली काही होतं का? घोडी सुटून दुसऱ्याच्या हातात गेली, त्या क्षणी ह्या माणसाच्या आत काहीतरी हललं होतं का? तिने अनेकदा विचारलं होतं. भांडताना, आजारपणात, पोरींच्या लग्नानंतर घर रिकामं झालं तेव्हा. तो दर वेळी हसून म्हणायचा, "हललं ना. खोगीर फार जड होतं."

पोरीही बापाच्याच बाजूच्या. "आई, तू किती जुनं उकरतेस! बाबांनी कधी तोंड वाकडं केलं का?" तेच तर दुखणं होतं. तोंड कधी वाकडं झालंच नाही.

मग एके दिवशी रेडिओवर एक बाई बोलली. पैज हरल्यावर माणूस तोंडाने काहीही म्हणो, पापणी लवायच्या आत त्याच्या मेंदूतली एक लाट खाली जाते. ती लाट कुणाला लपवता येत नाही. राजधानीतल्या एका संस्थेला ह्या तपासणीसाठी वयस्क माणसं हवी आहेत. उमसुनायच्या हातातला डाव पातेल्यात पडला. लपवता येत नाही! मोकुशला तिने फक्त एवढंच सांगितलं, की बिश्केकला डाव खेळायला बोलावलंय. तो एका पायावर तयार झाला. आणि आता, पहाटेच्या गाडीने इतक्या लांब येऊन, हा माणूस टोपीवरून अडला होता.

"बरं, एक करू," मोकुशने शेवटी तोडगा काढला. "आधी माझ्या म्हातारीला घाला. मग तिच्या डोक्यावरून माझ्या डोक्यावर येऊ दे. मास्तरचं नशीब पुसलं जाईल. हिचं नशीब मला चालतं, सवयीचं आहे."

"मला कशाला?" उमसुनाय म्हणाली. "मी कधी खेळलेय?"

"मावशी, बसा ना," नुरिलाने हात जोडले. ती डॉक्टर होणार होती, पण सध्या तिचे डोळे एखाद्या तापातल्या पोरासारखे दिसत होते. तिच्या सरांना म्हाताऱ्या माणसांच्या लाटा हव्या होत्या. आणि म्हातारी माणसं एक तर त्या मऊ खुर्चीत झोपून जायची, नाहीतर नातवंडांचे फोटो काढून बसायची. "तुमचं नाव यादीत नाही, पण हरकत नाही. पूर्ण खेळच करून घेते, म्हणजे आजोबांना कळेल काही होत नाही ते."

उमसुनायने डोक्याचा रुमाल सोडला. परक्या खोलीत असं उघड्या डोक्याने बसणं तिला अंगावरचं कातडं काढल्यासारखं वाटलं. नुरिलाने जाळी चढवली आणि प्रत्येक भोकातून बोथट सुईने गार, चिकट खळ तिच्या केसांत सोडली. खळ वेणीच्या मुळापर्यंत उतरली.

खेळ अगदी पोरकट होता. पडद्यावर दोन चौकोन. बटण दाबून एक निवडायचा. हिरवं वर्तुळ आलं तर जिंकलात, लाल आलं तर हरलात. हलायचं नाही, बोलायचं नाही, डोळे मिचकावायचे नाहीत. उमसुनाय बटाटे सोलावेत तशी खेळली. डावा, डावा, उजवा, डावा. लाल आलं, पुढे. लाल आलं, पुढे. हिरवं आलं, तेव्हा तिने मान वळवून मागे पाहिलं.

"मावशी, हलू नका!"

"मागे कुणी आहे का बघितलं."

"कुणी नाही. तुम्हीच जिंकलात."

"असं होय," उमसुनाय म्हणाली आणि पुन्हा बटाटे सोलायला लागली.

मोकुशची पाळी आली तेव्हा कळलं, की खरी अडचण टोपीची नव्हतीच. कल्पाक मांडीवर सरळ ठेवून तो बसला, आणि नुरिलाचा हात त्याच्या टकलावरून घसरला. डोकं दुखू नये म्हणून तो रोज मेंढीच्या शेपटीची चरबी चोळायचा. तारा बसेनात. स्पिरिटने पुसलं तर तो शिंकायला लागला, आणि प्रत्येक शिंकेबरोबर पडद्यावर तिएनशानची शिखरं उभी राहिली.

"वा!" तो म्हणाला. "एवढा मोठा मेंदू आहे होय माझा!"

"ती शिंक आहे, आजोबा."

खेळ सुरू झाला, थांबला. मोकुशने बटणाला चुकोसारखी टिचकी मारली. बटण टेबलाखाली गेलं. खेळ पुन्हा सुरू झाला, पुन्हा थांबला.

"ह्या डब्यात कोण बसलंय?" त्याने विचारलं.

"कुणी नाही. यंत्र आहे."

"मग मी चिडवू कुणाला? समोरच्याची नाकपुडी फुगलेली दिसली नाही तर डाव कसला? पोरी, तू बस की पलीकडे. मी तुला तुझ्या आजोबांवरून दोन शब्द बोलतो, तू मला बोल. मग बघ लाटा."

"आजोबा, कृपा करून बोलू नका."

तिसऱ्या खेपेला हिरवं वर्तुळ आलं. मोकुशने लगेच खिशात हात घातला, कुरुताची एक खारट गोळी काढली आणि नुरिलापुढे धरली.

"हे काय?"

"तुझा वाटा."

"मला नको."

मोकुशचा चेहरा पहिल्यांदाच गंभीर झाला. "नको म्हणजे? जिंकणाऱ्याने बघणाऱ्याला वाटा द्यायचा असतो. तू नाही घेतलास तर त्याचा अर्थ काय होतो माहीत आहे? मी लबाडीने जिंकलो असा होतो."

नुरिलाने गोळी घेतली. पुढचं हिरवं आलं, पुढची गोळी आली. प्रत्येक वेळी त्याचा हात हलायचा आणि जिंकल्याची लाट हाताच्या लाटेत बुडून जायची. टेबलावर दह्याच्या वाळक्या गोळ्यांची रांग लागली. नुरिलाने कपाळ धरलं.

"जिंकल्याची एकसुद्धा लाट हाती लागली नाही," ती जवळजवळ रडत म्हणाली. "नुसती हरल्याची घेऊन मी काय करू? दोन्ही लागतात."

"अहो!" उमसुनाय कडाडली. खानावळीत ह्या आवाजाला अख्खी शाळा घाबरायची. "सगळा वाटा शेवटी मला द्या. मी उधार धरते. तोवर हात मांडीवर."

"तुझी उधारी!" मोकुश हसला, आणि पडद्यावरच्या रेषा वाऱ्यावरच्या शेपटीसारख्या उडाल्या. पण मग हात मांडीवर गेले. उधारी मान्य असली की मोकुश शब्द पाळायचा. एवढा एक गुण त्याच्यात होता, आणि त्याने घर कितीदा तरी धुऊन नेलं होतं.

नोंद पूर्ण झाली तेव्हा जेवणाची वेळ टळून गेली होती. नुरिलाने चहा दिला. मग काही वेळ ती यंत्रापाशी खुडबुडत बसली, आणि शेवटी तिने पडदा त्यांच्याकडे वळवला. दोन रेषा होत्या, एक हिरवी, एक लाल. एका जागी लाल रेष खाली घसरली होती, विहिरीत उतरल्यासारखी.

उमसुनाय खुर्ची ओढून इतकी पुढे आली, की तिचा श्वास काचेवर उमटला.

"हे हरल्यावरचं?"

"हो. आजोबांचं. अगदी स्पष्ट आलंय."

"म्हणजे ह्यांना दुखतं."

"दुखतं असं नाही म्हणता येणार, मावशी. मेंदू दचकतो. वाटलं होतं त्यापेक्षा वाईट झालं, की असा खड्डा पडतो."

"दचकतो तर दचकतो. पण पडतो ना खड्डा? दर वेळी?" तिने नवऱ्याकडे पाहिलं नाही. इतक्या वर्षांचा प्रश्न तिच्या जिभेच्या टोकाशी येऊन थरथरत होता. "मग मला एक सांग. एखादं मोठं हरणं असेल. घोडी. तेव्हा केवढा पडला असेल? ते काढून दाखव."

नुरिला गोंधळली. "कुठली घोडी?"

"हिच्या माहेरची," मोकुश म्हणाला. "पोरी, आमच्या घरात सगळे रस्ते त्या घोडीपाशी जातात. खोगीर वाचवलं होतं मी, ते कुणी सांगत नाही."

"मावशी, जुनं काही ह्यात दिसत नाही."

"मग आत्ता त्यांना आठवायला सांग. तारा लावलेल्याच आहेत."

"तसंही नाही होत." नुरिलाने चहाचा कप खाली ठेवला. "एका हरण्याची लाट दिसतच नाही. मेंदूत इतका गोंगाट असतो, की एकटी लाट त्यात सापडत नाही. पुष्कळ हरण्यांच्या लाटा एकावर एक रचायच्या, मग गोंगाट निवतो आणि हा खड्डा वर येतो. हे आजोबांचं एक हरणं नाही. सगळ्या हरण्यांची मिळून ही एक रेष आहे."

"रचायच्याच असतील तर माझ्या घरी ये," उमसुनाय म्हणाली. "तिथे थप्पी लागलीय छतापर्यंत. पण मला थप्पी नको. मला ते एकच हवंय."

"ते एक कधीच मिळणार नाही, मावशी. आणि खरं सांगू? हा खड्डा सगळ्यांनाच पडतो. मास्तरांना पडला. मला पडतो. ह्यावरून माणूस कसा आहे ते कळत नाही."

उमसुनाय मागे टेकली. पहाटे उठून, दोन गाड्या बदलून, उघड्या डोक्याने परक्या खोलीत बसून हाती काय आलं? तर सगळ्यांना पडतो. गावाच्या वेशीवरच्या खड्ड्यासारखा, येणारा-जाणारा जो तो पडतो.

"रेडिओवर तर सांगत होती लपवता येत नाही म्हणून," ती म्हणाली.

"लपवता येत नाहीच. पण..."

"पण दिसतही नाही. मग उपयोग काय तुझ्या यंत्राचा? लपलेलं आणि न दिसलेलं, मला तरी सारखंच."

काहीतरी करायचं म्हणून नुरिलाने उमसुनायची नोंद उघडली, आणि तिच्या भुवया जवळ आल्या. तिने मान तिरकी केली. उठून तारांची पेटी पाहिली, परत बसली.

"हे काय आता?" ती स्वतःशीच पुटपुटली. "तारा उलट्या लागल्या वाटतं. शी! एक दिवस, एक दिवस काही सरळ होईल तर शपथ." मग मोठ्याने म्हणाली, "मावशी, माझीच चूक झाली. पुन्हा एकदा बसता का? अर्धाच खेळ घेते."

"कशाला? माझं काय करायचंय?"

"चूक शोधली नाही तर उद्याच्या माणसाचंही बिघडेल. सर मला फाडून खातील."

सरांनी पोरीला खाऊ नये म्हणून उमसुनाय पुन्हा बसली. पुन्हा जाळी, पुन्हा नवी खळ, पहिली वाळून कडक झालेलीच होती. ह्या वेळी मोकुश तिच्या खुर्चीमागे उभा राहिला. दुसऱ्याचा डाव चालू असताना बसून राहणं त्याला कधी जमलं नाही.

लाल. लाल. हिरवं.

"जिंकलीस!" तो ओरडला. "काढ माझा वाटा!"

उमसुनायचे खांदे गचकन वर गेले.

"आजोबा!"

"बरं, बरं. नाही बोलत."

लाल आलं. तिचं बोट पुढे सरकलं. लाल आलं. बोट पुढे सरकलं. मोकुशने आयुष्यभर लोकांच्या नाकपुड्या, मानेच्या शिरा, अंगठ्याची नखं पाहून डाव लावले होते. हाडांनी त्याचं कधी ऐकलं नसेल, पण समोरच्या माणसाला हरताना कुठे लागतं ते त्याला लांबून कळायचं. तो बायकोच्या मानेकडे पाहत राहिला. लाल आलं, मान तशीच. रस्त्याकडेच्या दगडावरून पाणी जावं तसं लाल तिच्यावरून जात होतं. हिरवं आलं आणि मानेवरचं कातडं थरारलं, माशी बसल्यावर घोड्याचं थरारतं तसं. पुन्हा लाल, काही नाही. पुन्हा हिरवं, पुन्हा थरार. त्याने ओरडायला उघडलेलं तोंड मिटलं. पुढच्या हिरव्याला त्याने ते उघडलंच नाही.

नुरिलाने रेषा काढल्या. त्या पहिल्यासारख्याच होत्या.

"तारा बरोबर आहेत," ती हळूच म्हणाली. "उलट्या नाहीत."

"मग?"

"मावशी, हरल्यावर तुम्हाला खड्डा पडतच नाही. ही बघा लाल रेष, सपाट. जिंकल्यावर पडतो. तुम्ही जिंकलात की मेंदू दचकतो." तिला आता थकवा आठवत नव्हता, ती पडद्यावर बोट फिरवत होती. "जे धरून चाललेलं असतं ते झालं तर धक्का बसत नाही ना. तुम्ही प्रत्येक डावाला हरणंच धरून बसला होतात. हिरवं आलं की काहीतरी बिघडल्यासारखं."

"त्यात एवढं काय?" उमसुनाय म्हणाली. "पातेलं सांडणार हे धरूनच उचलावं. मग सांडलं तरी हात भाजत नाही. खानावळीत नव्या बायकांना मी पहिलं हेच शिकवायची."

असल्या वाक्यानंतर मोकुशचं हसणं यायचं. ते इतकं ठरलेलं होतं, की उमसुनाय क्षणभर थांबली. ते आलं नाही. तिने मागे पाहिलं. तो पडद्याकडे पाहत होता. त्या सपाट लाल रेषेकडे.

"हे सरांना दाखवशील?" त्याने विचारलं.

नुरिलाचा हात थांबला. "नाही दाखवता येणार, आजोबा. मावशींचं नाव यादीत नव्हतं. आणि अशी उलटी रेष आली तर सर म्हणणार, काढून टाक, सरासरी बिघडते. तुमची ठेवतील. तुमची फार छान आलीय."

"माझी ठेवणार."

"हो."

"आणि हिची टाकणार."

"नियम आहे तसा," नुरिला म्हणाली, आणि लाजून तिने कुरुताच्या गोळ्या गोळा करायला घेतल्या.

उमसुनायला आता रागही आवरेना आणि तो कुणावर काढायचा तेही कळेना. "दोनदा खळ थापलीस माझ्या डोक्यात," ती उठत म्हणाली. "दोनदा. आणि माझी रेष धरायची नाही म्हणतेस. इथेही मी हिशेबात नाहीच का?" मग पोरीचा पडलेला चेहरा पाहून तिला स्वतःचाच कंटाळा आला. "जाऊ दे. तू काय करशील? काहीतरी खाऊन घे. उपाशी पोटी यंत्राशी बोलू नये."

बाहेर अंगणात ऊन उतरलं होतं आणि डोंगरावरून गार वारा सुटला होता. उमसुनायने रुमाल बांधायला घेतला, पण तो बसेना. खळ वाळून केसांचे दगडासारखे पुंजके झाले होते. बोट घातलं की मुळापासून ओढ बसायची. रुमाल घसरायचा, ती बांधायची, तो पुन्हा घसरायचा. अशा डोक्याने गाडीत बसायचं, गावात उतरायचं, फाटकावर शेजारणी विचारणार, काय गं, कुठे जाऊन आलीस? आणि सांगायला काय? काही नाही.

"थांब," मोकुश म्हणाला.

गाड्या उभ्या असत तिथे, भिंतीला एक नळ होता. गाड्या धुवायला ठेवलेली पत्र्याची बादली त्याने उपडी करून झटकली, विसळली, भरली. कोटाच्या बाह्या कोपरापर्यंत सारल्या. "ये इकडे."

"इथे? सगळ्यांसमोर?"

"ये."

ती गेली, कारण दुसरं काही सुचत नव्हतं. कठड्याला धरून ती वाकली. त्याने ओंजळीने पाणी घातलं. ते बर्फाचं पाणी होतं. तिच्या कानात गेलं, मानेवरून थेट पाठीत उतरलं. त्याच्या बोटांना हे काम अजिबात माहीत नव्हतं. चरबी लावायला सरावलेली ती बोटं केसांत अडकत होती, ओढत होती, परत सोडवत होती. दुसरी कुठलीही वेळ असती तर तिने त्याला तिथेच ओलं करून ठेवलं असतं.

"त्या दिवशी..." तो म्हणाला आणि थांबला.

तिने वाट पाहिली. पाणी दगडावर पडत होतं.

"आधी कानामागचं काढा," ती म्हणाली. "तिथे जास्त आहे."

बाकावर दोन ड्रायव्हर सूर्यफुलाच्या बिया सोलत बसले होते. म्हातारा बायकोच्या डोक्यावर पाणी घालतोय, ही गोष्ट त्यांनी आजवर पाहिली नव्हती. त्यांच्या आजोबांनीही पाहिली नसावी. एकाने टरफल थुंकलं.

"काय आजोबा," तो मोठ्याने म्हणाला, "डाव हरलात की काय? सुनेचं काम तुमच्याकडे कसं?"

दुसरा खो खो हसला.

असल्या टोमण्याला मोकुशकडे उत्तर तयार नसेल असा दिवस केमिनच्या खोऱ्यात कुणाला आठवत नाही. त्याने तोंड उघडलं असतं तर त्या दोघांना बाकावरून उठून घरी जावं लागलं असतं, आणि नदीपलीकडच्या कुत्र्यांना कळलं असतं.

त्याने बादली पुन्हा नळाखाली धरली. ती भरेपर्यंत त्याचा दुसरा हात तिच्या डोक्यावर तसाच होता, तिला थंडी लागू नये म्हणून की तिने वर पाहू नये म्हणून, ते कळायला मार्ग नव्हता.

"मान जरा खाली कर," तो म्हणाला.